सहा मीटरवरचा थर

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

१. ५ नोव्हेंबर. काशीदसमोर नव्या जेटीसाठी सर्वेक्षण. होडी बुधाजी नाखव्याची.
२. पाण्यात सोडलेला आवाज तळावर आपटून वर येतो, पृष्ठभागावरून परत खाली जातो, पुन्हा वर येतो. त्यामुळे तळाच्या खाली, पाण्याच्या खोलीइतकंच आत, एक खोटा थर दिसतो. तो पुसणं माझं काम.
३. खोली मी नकाशावरून घेतली. सहा मीटर. आलेखात तळाखाली दोन थर होते, सहा मीटरवर आणि दहावर. सहावरचा खोटा म्हणून पुसला. दहावरचा ठेवला, ‘खडक’ लिहिलं, सही केली.
४. नकाशातली खोली ओहोटीची असते. आम्ही भरतीत होतो.

३ डिसेंबर

काल बंदरावर राहिलेली दोरी आणायला गेले, म्हणून कळलं! बोलता बोलता म्हटलं, तिथं पाणी सहा मीटर. नाखव्याने जाळ्यातून मान वर केली.

“सा? त्या दिशी पुनवेचं उधान व्हतं, मॅडम. दोन वाव पानी चरलेलं. तुमच्या कागदाला भरती लागत न्हाय व्हय?”

आणि हसला. मीही हसले. दोन वाव म्हणजे जवळजवळ चार मीटर. सहा अधिक चार, दहा.

४ डिसेंबर

त्या दिवशी पाणी उतरताना घेतलेली एक ओळ, म्हणजे होडीच्या एका फेरीची नोंद, होती. तपासली. दहावरचा थर आठवर आलाय — पाण्याबरोबर सरकला, म्हणजे खोटा. सहावरचा जागचा हललेला नाही.

कडक, पातळ थर. खाली पुन्हा चिखल. खरा होता तोच मी पुसला.

५ डिसेंबर

वरिष्ठांना, परेश सरांना, फोन केला. पुढच्या शुक्रवारी जेटीच्या कामाचा तराफा येतोय, चार पाय तळात रोवून उभा राहणारा. पाय सहा मीटरवर टेकल्यासारखे वाटतील, भार चढला की थर फुटेल आणि तराफा कलंडेल. वर चौदा माणसं असतील, हेही सांगितलं.

“अगं, अहवाल गेला. आता कशाला उकरतेस? तिथं एकटी राहतेस ना, म्हणून असं काहीबाही सुचतं. दोन दिवस घरी जाऊन ये.”

एकटी राहते, हे खरं आहे. आकडे त्याने बदलत नाहीत.

६ डिसेंबर

दिवसभरात एकच वाक्य बोलले — “अर्धा लिटर द्या.”

७ डिसेंबर, रविवार

पाठवलं. थेट तराफ्याचे प्रमुख जीवन पाटील यांना. परेश सरांना फक्त प्रत.

“अहवालातली चूक माझी आहे. दोन्ही ओळी जोडल्या आहेत. जागेवर बोअर घेतल्याशिवाय पाय टेकवू नयेत. बुधवार, १० डिसेंबरपर्यंत कृपया उत्तर द्यावं.”