केसाएवढी भेग

बाबा,

पंपाचा पट्टा तुटलाय, नवा आणायला बाजारात जातेय. तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

भात उगवलं! रोपं न लावता थेट पेरलेलं, तुमच्या भाषेत 'पाखरांना घातलेलं', ते अख्ख्या खाचरात वर आलंय. मी बांधावर एकटीच नाचले.

आता हात जोडून एकच सांगते, पाटाचं पाणी सोडू नका. वरची माती सुकलेली बघून तुमचा जीव वरखाली होईल. पण खाली ओल आहे, मुळं तिच्या मागे चाललीयत. काही कोंब अजून मातीतच आहेत, पाणी तुंबलं तर बिचारे कुजतील. केसाएवढी भेग दिसली, की मग खुशाल सोडा, तेही बेताचं.

पेरणीपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. 'त्या खाचराकडे ढुंकूनही बघणार नाही' म्हणालात, तेही ऐकून घेतलं. पण केसाएवढी भेग बघायला चष्मा लागेल. तो घरभर शोधू नका, टेबलावर ठेवलाय.

बांधावर पडला होता, पहिल्या कोंबांपाशी.

तुमची हट्टी सून