काटा खाली आला तेव्हा

नाना, परवा तुमच्या घाटात माझी गाडी तापली. तुमचा घाट म्हणायची सवय अजून गेलेली नाही, जसा काही धारूरचा घाट तुमच्या सातबाऱ्यावरच चढवलेला आहे. पायथ्याशी तुमचं गॅरेज होतं तिथं आता कुणाचं तरी सिमेंटचं गोडाऊन झालंय. लिंब तेवढा उभा आहे. गाडी माझी मुलगी चालवत होती, मी शेजारी होते आणि मागच्या सीटवर आई, पाय वर घेऊन, खिडकीला डोकं टेकून बसलेली. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते, मेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात हसत आले. पण परवापासून मला चैन नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला मी भलतीकडूनच सुरुवात करणार हे तुम्ही ओळखलं असेलच. लहानपणी घरातलं काही फोडलं की मी आधी तुम्हाला शाळेतल्या गमती सांगत बसायचे.

तर गाडीचं सांगते. तापलेली जीप दारात आली की ड्रायव्हर आधी बोनेटकडं धावायचा आणि तुम्ही त्याला दंडाला धरून लिंबाखाली बसवायचात. "बस बे. ती बी तापली, तू बी तापला. आधी तू थंड हो." मग तुमची उलटतपासणी सुरू व्हायची. "चढावर तापती, का उभी ऱ्हायल्यावर? पाणी कमी होतंय, का हाय तितकंच ऱ्हातंय? गेलं तर बाहेर गेलं, का आत?" उभ्या उभ्या तापली तर पंखा बघायचा. चढावर तापली तर रेडिएटर आणि पाणी. पाणी बाहेर गेलं तर कुठंतरी ओल दिसणारच, आणि आत गेलं तर इंजिनचं तेल ताकासारखं पांढरं होऊन येणार. पान्याला हात न लावता तुमचं निम्मं काम व्हायचं. लोकांना वाटायचं, मिस्त्री नुसता गप्पा हाणतो. मी अकरा वर्षांची असताना, तुम्ही चहाला गेल्याचं बघून, एका तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. तुम्ही रस्त्यापलीकडून धावत आलात आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मला मारलंत. हातावर, सपकन. "तोंड भाजलं असतं, बाई! गाडी तापली की तिला हात लावायचा न्हाई, तिच्याजवळ बसायचं." त्या दिवशी तुम्हीच जेवला नाहीत. मी जेवले, चांगली पोटभर.

आणि पाण्याचं तुमचं खूळ! आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टच्च. तुम्ही म्हणायचात, ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई ते गाडीच्या पोटात घालायचं न्हाई. रेडिएटरच्या नळ्यांत त्याचा पांढरा थर बसतो आणि वाटच बंद होते. म्हणून तुम्ही पार खालच्या मळ्यातल्या विहिरीचं गोडं पाणी सायकलवर कॅन लावून आणायचात आणि ते गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवायचात. आई त्यातलं तांब्याभर चोरून वरणाला घ्यायची. तुम्हाला पहिल्या घासाला कळायचं. "आज डाळ लई मऊ झाली," एवढंच म्हणायचात आणि आई पदर तोंडाला लावून चुलीकडं तोंड फिरवायची. माझं लग्न झालं, नांदूरघाटला निघाले, तेव्हा भांड्याकुंड्यांच्या वर तुम्ही एक कॅन बांधलात. सासरची माणसं हसली. व्याह्यानं पाणी दिलं म्हणून कितीतरी दिवस चेष्टा झाली. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती, हेही लिहून टाकते. पण सासरी मी केलेलं पहिलं वरण त्या पाण्यातलं होतं आणि सासरे दोनदा मागून जेवले.

तुमचं सगळंच बरोबर होतं असं मात्र समजू नका. पाणी पुरतं गरम होईपर्यंत त्याला अडवून धरणारा तो छोटा वॉल, पुस्तकातला थर्मोस्टॅट, असतो ना, तो तुम्ही प्रत्येक गाडीतून काढून फेकून द्यायचात. "आपल्या मुलखात ऊन काय कमी हाय का? ह्याचं काय काम इथं?" आपल्याकडचे सगळे मिस्त्री आजही हेच करतात आणि ते चूक आहे, नाना. वॉल काढला की इंजिन हवं तितकं तापत नाही, डिझेल जास्त पितं, आतून झिजतं. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा तुमच्याशी भांडायला म्हणून खास यायचं ठरवलं होतं. तुम्ही हरणार नव्हताच. "पुस्तकवाल्याला मे महिन्यात घाटात आण," म्हणाला असतात.

आता गाडीच्या तापमानाच्या काट्याचं. लग्नाच्या वऱ्हाडाची एक जीप लोक ढकलत आणत होते, आठवतं? इंजिन जाम झालं होतं. ड्रायव्हर रडकुंडीला येऊन सांगत होता, काटा पार वर गेलता, पण मग आपोआप खाली आला, म्हणून मी निघालो. तुम्ही त्याला एका शब्दानं बोलला नाहीत. इंजिनवर हात ठेवून बसलात आणि मग मला जवळ बोलावलंत. "बघ बाई. काट्याची तार पाण्यात बुडालेली असती. पाणी तापलं की काटा वर चढतो. तो वर हाय तोवर गाडी सांगाय लागली, मला तरास होतोय म्हणून. पण येकदम खाली पडला तर समजायचं, सांगायला आत पाणीच उरलं न्हाई. गाडी थंड झाली असं समजून जो पुढं गेला, त्यानं गाडी मारली." मी हा धडा वहीत लिहून ठेवला होता. आता मुलांना शिकवताना दरवर्षी सांगते.

परवा अगदी तसंच झालं. तिसऱ्या वळणावर काटा चढायला लागला. मी मुलीला एसी बंद करायला सांगितला, काचा खाली करून हीटर सोडला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता तरी आत आमच्या अंगावर येईल. मे महिन्यात हीटर. पोरगी माझ्याकडं वेड्यासारखं बघत होती. आणि मग काटा एका झटक्यात तळाला गेला. "बघ आई, झाली थंड," ती म्हणाली, "जाऊ दे ना हळूहळू?" मी तोंड उघडायच्या आत मागून आई ओरडली, "थांबव! उभी कर आधी! काटा पडला म्हंजी पाणी सरलं तिच्यातलं!"

मला वाटायचं, तो धडा तुम्ही फक्त मला दिला होता.

गाडी कडेला लावली, दगड लावला आणि आम्ही तिघी एका झाडाखाली बसलो. झाकणाला तासभर हात लावला नाही, हातावरचा तो सपका मला अजून आठवतो. नंतर तुमच्या गोधडीच्या तुकड्यानं झाकण फिरवलं. हो, तुम्ही ज्याला हात पुसायचात तो तेलकट तुकडा गाडीत असतो माझ्या. आत ठणठणीत कोरडं. तुमचे प्रश्न मी एकेक करून स्वतःलाच विचारले. चढावर तापली, म्हणजे पंखा सोडून दे. पाणी गेलं. आत गेलं का? तेलाची पट्टी ओढून पाहिली, तेल स्वच्छ होतं. म्हणजे बाहेर. मग वाकून खालून हात फिरवत गेले आणि रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपापाशी बोटाला ओल लागली. पाइप तडकला होता आणि तडकीभोवती पांढरी खरपुडी धरली होती, आपल्या कळशीच्या बुडाला धरायची तशी. गेल्या महिन्यात पाणी कमी दिसलं तेव्हा शाळेला उशीर होतो म्हणून कुठं गळतंय ते न बघता मी अंगणातल्या नळाचं, बोअरचं पाणी ओतलं होतं. मिस्त्रीच्या लेकीनं. मुलगी म्हणाली, "आई, तू तर ग्रेट आहेस, शोधलंस की!" मी खाली मातीत बसले आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, ऊन लागलं.

आई मात्र माझ्याकडं बघत नव्हती. ती तुमच्या लिंबाकडं, खाली, बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "दोन दिस त्यांचं पोट दुखत होतं. तिसऱ्या दिशी थांबलं. मी म्हणलं, देव पावला. गॅरेजला बी ते चालत जाऊन आले. मला कावून आठवलं न्हाई गं हे काट्याचं? मी तर रोज ऐकायची त्यांच्या तोंडून." मी तिचा हात धरला. ती पुढं म्हणाली, "पर त्यांनी बी तोंड उघडलं न्हाई. एकदा जरी म्हणले असते, लेकीला बोलवा, तर तू रातच्याला निघून आली असतीस. तू काय ऱ्हाणारी हाईस? माणूसच तसला, दुसऱ्याच्या गाडीचं समदं इचारील, सोताचं सांगणार न्हाई." नाना, सतरा वर्षं आपल्या घरात तुमच्याबद्दल हेच बोललं जातं. तुमच्या दिवसाला लोक जेवायला बसले की कुणीतरी म्हणतंच, सांगितलं असतं तर वाचला असता. आणि मी वाढत असते.

पोटातलं आतडं फुटलं की काही तास दुखायचं थांबतं, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. ते ऐकताना मला त्या जीपचा काटा दिसला होता. खरं म्हणजे त्याच्या आदल्या दिवशीच, तुमचा फोन आला तेव्हाच, तो डोळ्यासमोर आला होता. तुम्ही गॅरेजशेजारच्या टपरीवाल्याचा मोबाइल घेऊन फोन केला होतात. मी शाळेच्या पटांगणात होते, दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलन होतं, मुलींचा नाच माझ्याकडं होता, मंडपवाला अजून आला नव्हता. तुम्ही म्हणालात, "बाई, आता दुखत न्हाई." एकदम कसं थांबलं, असं क्षणभर माझ्या मनात आलं आणि मी ते झटकलं. मला हायसं वाटायचं होतं. मी म्हणाले, "बरं झालं नाना, रविवारी येते." दुसऱ्या दिवशी दुपारी मुली रंगमंचावर होत्या, मी टाळ्या वाजवत होते आणि शिपाई निरोप घेऊन आला.

परवा आमच्या गाडीला धारूरहून जो मिस्त्री आला तो पाइप बदलून म्हणाला, "मॅडम, वॉल बी काढून टाकू का? आपल्याकडं त्याचं काय काम?" मी हसले, आई हसली. मी वॉल काढू दिला नाही. तुमच्या हयातीत जे भांडण झालं नाही ते तेवढं जिंकले. घरी येताना वाटेत एका विहिरीवरून आईनं कॅन भरून घ्यायला लावला आणि रात्री वरण केलं. "लई मऊ झाली डाळ," ती म्हणाली आणि डोळे पुसले. तेव्हा तिला सांगायचं मी ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. ती ऐंशीच्या पुढं गेली आहे. माझ्यावर तिचा जो विश्वास आहे तो मोडायचा, की तुमच्यावरचा आळ काढायचा, हे मला ठरवता आलं नाही, आणि मी तिला आणखी एक वाटी वरण वाढलं.

हे पत्र गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवणार आहे. ते कुणी वाचणार नाही, तुम्हीसुद्धा नाही, म्हणून लिहिते. त्या फोनवर तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होतात. "आता दुखत न्हाई" म्हणालात, मग थोडं थांबलात, मग म्हणालात, "तरीबी येतीस का?" सगळ्यांना मी सांगितलं की घाटाखाली रेंज नसते, लाईन खराब होती, नानांचं पुढचं काही ऐकू आलं नाही. लाईन चांगली होती, नाना. तुमचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.