रुमालाखालचा हात

रवि. १ फेब्रु. १९७६
विश्रामबागेत धंदा-मार्गदर्शनाचा पहिला वर्ग. सर म्हणाले, पाच वर्षांनी कुठे असाल ते एका ओळीत लिहा. मी 'साताऱ्यात' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. शेजारी कदम, साताऱ्याचाच, तिकडे मसाल्याची गिरणी काढतोय. वाचून हसला. "मग सांगलीत काय करतोस रं?" काय सांगू? सासऱ्यांची, म्हणजे मामांची, हळदीची अडत, सुमन एकुलती एक. लग्नात वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे.

बुध. ४ फेब्रु.
हंगाम सुरू. शेतकऱ्यांची हळद आमच्या अंगणात, खरेदीदार एकेक करून रुमालाखाली मामांची बोटं दाबतात, किती दाबली त्यावरून भाव. बाहेरच्याला पत्ता लागत नाही, आणि बाहेरच्यांत मीही आलो. इतकी वर्षं नुसती वजनं लिहितोय. मागे म्हटलं होतं, मलाही शिकवा. मामा म्हणाले, "घाई काय हाय?" त्यांना नसेल. माझी तिशी इथंच सरली.

रवि. १५ फेब्रु.
सर: गिऱ्हाईक का गेलं ते त्यालाच विचारा, आणि तो सांगत असताना तोंड बंद ठेवा. दुसरं जास्त अवघड.

मंगळ. १७ फेब्रु.
विचारलं. सीमेपलीकडचे अण्णाप्पा, जुने शेतकरी, दोन हंगाम शेजारच्या अडतीत जातात. भावाचंच काही असणार अशी आमची खात्री. ते म्हणाले, "भाव त्योच की. तुमच्यात वजनाला सांज हुती, माजी येष्टी चुकती." एवढंच! आणि आम्ही दोन वर्षं शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडतोय. उद्यापासून लांबच्यांचं वजन आधी.

रवि. ७ मार्च
अण्णाप्पा परत आले, भावकीला घेऊन. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. सरांनी वर्गात उभं करून सगळं सांगायला लावलं. टाळ्या. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.
येताना कदम म्हणाला, पाडव्याला गिरणीचा मुहूर्त आहे, भागीदार हो. २१ ला शेवटचा वर्ग, तेव्हा होय-नाही सांग, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. सुमन रडेल वाटलं होतं. ती म्हणाली, "चला. मीही दमलेय हो इथं मुलगी होऊन." फक्त बाबांना तुम्ही सांगायचं.

शुक्र. १२ मार्च
सांगितलं नाही. मामा येईल त्याला ऐकवतात, जावईबापूंनी अंगण भरलं. शेतकरीही आता मलाच विचारत येतात. सुटायला म्हणून शिकायला गेलो, आणि जे शिकलो त्यानंच गाठ पक्की बसली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सरांचाच राग येतोय, त्यांचा काय दोष.

बुध. १७ मार्च
सौद्यात गडबड. अण्णाप्पांचीच हळद. खरेदीदार म्हणाला, "मामांनी माझी बोटं दाबली, मी होकार धरला." भाव फारच कमी. मामांनी होकार दिलाच नव्हता, हात थरथरला होता. नाकारता आलं असतं. म्हणाले, "हात माजाच हुता." सौदा पाळला, अण्णाप्पांचं कमी पडलं ते स्वतः भरलं.
दुपारी जेवताना डाव्या हातानं उजवा धरून बसले होते. कधीपासून असं होतंय? रोज शेजारी बसतो मी, आणि मला...

शनि. २० मार्च
आज बोलायचंच होतं. वाक्यं पाठ केली होती. गादीजवळ गेलो, तोंड उघडायच्या आत मामांनी माझा हात ओढला, वर रुमाल टाकला. "वळखा. किती म्हनतोय?" बोटं दाबत होते, सोडत होते, सगळी थरथरच. मला आकडा कळेना. तसं म्हटलं.
मामांनी रुमाल काढून घडी घातली. मग म्हणाले, "खरेदीदारालाबी कळंना झालंय. आता तुमची बोटं लागतील, जावईबापू. उद्या आइतवार, सौदं न्हाईत. दहाला बसू, नीट शिकवतो."
उद्याचा शेवटचा वर्गही दहालाच, कदमला होय-नाही सांगायचं ते तिथंच. कदम जागा धरून ठेवतो माझी.
आत आलो. सुमननं विचारलं, सांगितलंत का?
म्हटलं, उद्या दहाला.