तिसऱ्या मजल्याचं दार

१४ सप्टेंबर १९७३, लोणावळा

कोंडाबाई मरता मरता वाचली. आमची कुसगावची दूधवाली. तिसऱ्या मजल्यावर दूध घालून वर आमच्याकडे यायला लिफ्टचं दार ओढलं, दार उघडलं, आणि आत काहीच नाही! लिफ्ट तळाला. किटली आधी पुढे केली होती, ती गेली खाली. ही चौकट धरून राहिली म्हणून. उरलेला एक जिना चढून आली ती मटकन बसलीच. "आवं बाई, दार हाय पन आत पाळनाच न्हाई!" मी चहा टाकला. चहा पोटात गेल्यावर मात्र किटलीवरून मलाच झाडलं.

१५ सप्टें.

सापडलं. ह्यांच्या पेटीतला पेचकस घेऊन त्या दाराचं कुलूप मीच उघडलं. आत डालड्याच्या डब्याचा पत्रा, नीट घडी घालून कोंबलेला. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये आणि लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू नये, एवढ्यासाठी ते कुलूप. पावसात लाकूड फुगतं, दार बसत नाही, लिफ्ट अडते. म्हणून हा पत्रा, दार लागलं नाही तरी कुलपाला लागलंसं वाटावं!

कारागीर कोण, तर सोसायटीचे चेअरमन दामले, तिथलेच, तिसरा मजला. वर खुशाल हसतात. "वहिनी, लोणावळ्यात कुणाची दारं फुगत नाहीत? आमच्या कपाटालाही असाच पत्रा आहे." म्हटलं, कपाटात माणूस पडत नाही.

गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत जाऊन लिफ्टचा मेन स्विच पाडला. खोलीला कुलूप, किल्ली कमरेला. सेक्रेटरी मी आहे. बोंबला म्हणावं.

१६ सप्टें.

बोंबलले. सगळे. हेसुद्धा. "आईचं काय?"

तेच तर. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आम्ही चौथ्यावर. दर नवरात्रात खाली अंगणात भोंडला त्याच सांगतात, पोरी त्यांच्याशिवाय फेर धरत नाहीत. वर्षभर त्या दिवसांची वाट बघतात. भीत भीत सांगितलं. वाती वळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बंदच ठेव." मग पुढची वात घेत, "पण भोंडल्याला मला खाली न्यायचं. ते तू बघ."

आता आली का पंचाईत.

२२ सप्टें.

पुण्याला लिफ्ट कंपनीला पुन्हा ट्रंक कॉल. मेकॅनिक "साइटवर". कालही साइटवर. दामले रॉकेलचा डबा घेऊन धापा टाकत जिना चढताना दिसले. "हुकूमशाही आहे ही!" व्हय, आहे. (कोंडाबाईचा व्हय. छान ठसका आहे त्याला.)

२७ सप्टें. घटस्थापना

पहिला भोंडला. सासूबाई खिडकीत बसून वरून गाणी सांगत होत्या. आवाज पोचेना, खाली पोरींचं कडवं चुकलं, त्यांनी वरून ओरडून सुधारलं, तेही पोचलं नाही. मग खिडकी लावून घेतली. मी स्वैपाकघरात जाऊन रडले. किल्लीला हात गेला होता, खोटं कशाला लिहू. काढली नाही.

१ ऑक्टो.

आला! एस.टी.ने, भिजून. पत्रा बघून मेकॅनिकने हात जोडले. "ज्यांनी हे केलं त्यांना एकदा बघायचंय." दामले शेजारीच, छताकडे बघत.

सगळ्या मजल्यांची कुलुपं नवी. कार्ल्याचे सुतार बसलेत, दारांना रंधा चाललाय. रंगही झाला, फक्त तिसऱ्याचं लाकूड अजून ओलं. तिथला रंग राहिला.

खंडेनवमी

लिफ्टची पूजा. दामले नारळ उंबरठ्यावरच फोडायला निघाले. तो हिसकावून घेतला. पाणी दाराच्या खाचेत गेलं की पुन्हा तेच! पायरीवर फोडला.

आणि मग मजा. सासूबाई नऊवारी नेसून तयार, पण आत येईनात. "आधी दार उघडं ठेवून बटण दाब." दाबलं. लिफ्ट ढिम्म. "पुन्हा." ढिम्म! अडलेली लिफ्ट बघून इतका आनंद जन्मात झाला नव्हता. दार लावलं, आणि लोण्यासारखी खाली गेली.

अंगणात पोरींनी नुसता गलका केला. सासूबाईंनी पाटावरच्या हत्तीला हळदकुंकू वाहिलं आणि असा आवाज लावला! कोंडाबाईपण पदर खोचून फेरात, नवी किटली भिंतीशी. खिरापत दामलेवहिनींची, कुणालाच ओळखता आली नाही. पण लिफ्टची लढाई जिंकलो आम्ही.

९ ऑक्टो.

सकाळपासून परतीचा पाऊस. संध्याकाळी बेल. दारात दामले, ओशाळलेले. "वहिनी, आमच्या मजल्याचं दार पुन्हा घासतंय. लिफ्ट बंद करू का? किल्ली द्याल?"

आत सासूबाई ऐकत होत्या.

दिली किल्ली. जिना चढताना ऐकू आले, गच्चीचं दार वाजलं. अजून खाली उतरलेले नाहीत. लिफ्टचा आवाज तर येत नाहीये. पण स्विच खरंच पाडलाय ना, उठून बघून येते.