दोनदा विझलेली मेणबत्ती

डिंडोली, राखीपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, १९९६

आजचं आजच लिहून ठेवते.

काही वर्षांपूर्वी आमचे हे मिलमधली जमिनीखालची टाकी साफ करायला उतरले आणि आतच वारले. वर दोर धरून ह्यांच्यासोबत काम करणारा सुकलाल होता. तेव्हापासून तो सांगत आला, "ताई, आधी मेणबत्ती सोडून पाहिली. तळापर्यंत जळत होती. हवा चांगली होती, त्यांचं हृदयच बंद पडलं." मी मानलं. दरवर्षी त्याला राखी बांधली.

आज तो चहाला आला, तेव्हा मी वाचनालयाच्या पुस्तकातलं मुलीला करून दाखवत होते. मेण वितळून त्याची वाफ होते, खरी जळते ती वाफ, आणि तिला प्राणवायू लागतो. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला. ज्योत बारीक होत विझली. मी कौतुकानं म्हटलं, "म्हणूनच सुकलालमामानं टाकीत आधी मेणबत्ती सोडली होती बघ."

सुकलालनं कप खाली ठेवला. "विझली होती, ताई. दोनदा. मला वाटलं, वाऱ्यानं विझली."

"टाकीत वारा कुठला, सुकलाल?"

तो मान खाली घालून निघून गेला. चहा तसाच.

वाऱ्यानं म्हणे! आत प्राणवायूच नव्हता. आणि मी इतकी वर्षं ह्यांच्या हृदयाला दोष देत बसले. टाकीत वारा नसतो, हे त्यालाही तेव्हा कळलं असेलच ना?

राखी आणून ठेवली आहे. उद्या आलाच, तर बांधायच्या आधी एकच विचारीन. विझलेली मेणबत्ती ह्यांना उतरायच्या आधी दाखवली होतीस का?