माझा उजवा गुडघा आणि ‘उत्तम’ हा शेरा

शनिवार, दि. १६ नोव्हेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. या वेळी डॉ. श्रीरंग बेंद्रे यांनी रुग्णालयाच्या सभागृहात गुडघेबदलावरील आपल्या संशोधनाचा निष्कर्ष सांगताना पडद्यावर शस्त्रक्रियेनंतरचे माझे चालणे व जिना चढणे दाखवले आणि निकाल ‘उत्तम’ असल्याचे जाहीर केले. मी हात वर करून म्हटले, “डॉक्टर, मला गुडघे टेकता येत नाहीत.” ते हसून म्हणाले, “आंटी, ते आपण या अभ्यासात मोजलेलंच नाही.” मग चहा आला.

म्हणून मी, लूर्डस पास्कल तुस्कानो, वय ७१, अविवाहित, निवृत्त टेलिफोन पर्यवेक्षिका, राहणार एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीला घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव भाची जीना हिला. ठेव नवऱ्याच्या धंद्यात घालू नये. त्याचे दोन धंदे मी पाहिले आहेत.

२. माझी विळी शेजारच्या ज्ञानदाला. मला आता जमिनीवर बसता येत नाही, आणि ओट्यावर विळी चालत नाही. हेही मोजलेले नाही.

३. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न्यायची घडीची खुर्ची भावजय प्रिन्सी हिला. राजोडीच्या चर्चच्या सणाला, सगळे गुडघ्यावर असताना, ती शेजारणीला म्हणाली होती, “आपून खाली, आनि लूर्डस बघ, रानीसारखी खुर्चीवर.” तिचेही गुडघे आता कुरकुरतात. तिने खुशाल बसावे. देव खुर्च्या मोजत नाही.

४. माझा देह रुग्णालयाच्या कॉलेजातील शरीररचना विभागाला द्यावा. फादरांना विचारले आहे. त्यांची हरकत नाही.

कारण सांगते. शस्त्रक्रियेने दुखणे गेले, हे मी नाकारत नाही. डॉक्टरांना सुके बोंबील पाठवले होते, ते त्यांनी घेतलेही. पण गुडघ्याची बाहेरची बाजू बधिर आहे. टेकला की परक्याच्या हाडावर बसल्यासारखे वाटते आणि मग कळ येते. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनीच सांगितले, “काप घेताना कातडीकडे जाणारी बारीक नस तुटते, आंटी. तिची वाट प्रत्येकात थोडी वेगळी असते.” तर माझी वाट शोधावी. उजव्या गुडघ्यावर काप घेतलेला आहे, डावा अजून देवाने दिला तसा आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. पुढच्या बाईला वेदीसमोर खाली जाता आले, तर माझे काम झाले.

अट एकच. माझ्या नावापुढचा ‘उत्तम’ खोडून ‘गुडघे टेकता येत नाहीत, मांडी घालता येत नाही’ असे लिहावे, आणि अभ्यासातल्या इतर सर्वांनाही हे दोन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे माणसे जेवायला, भाजी चिरायला आणि प्रार्थनेला खाली बसतात. नुसते जिने चढून आयुष्य होत नाही.

अट मान्य नसेल, तर मला दोन्ही पायांसकट राजोडीच्या दफनभूमीत पुरावे. अंमलबजावणी जीनाने करावी.

स्थळ: वसई. दि. १२ मे २०२५.
सही: लूर्डस पा. तुस्कानो

आमच्यासमोर, आम्हा दोघांच्या देखत सही केली:
१. एल्रॉय मच्याडो, गोखिवरे
२. स्वप्नाली पाटील, एव्हरशाईन सिटी

प्रत: डॉ. श्रीरंग बेंद्रे. आपले उत्तर सोमवार, ३० जून २०२५, सायंकाळी पाचपूर्वी लेखी व सहीनिशी मिळावे. फोन करू नये. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच फोन जोडले. त्यांवर दिलेली वचने कुठे जातात, हे मला ठाऊक आहे. उत्तर न आल्यास कलम ४ मी स्वतः खोडीन.