एक माणूसभर जागा

प्रिय भाऊजी यांस,

वहिनीचा नमस्कार की आशीर्वाद, हे आपल्यात अजून ठरलेलं नाही. नात्याने मी मोठी आणि वयाने तुम्ही, तेव्हा दोन्ही पाठवते आहे, लागेल ते ठेवून घ्या. तब्येत कशी आहे? वेळेवर जेवता का? (उत्तर ठाऊक आहे, विचारायचं म्हणून विचारलं.) इकडे तुमच्या दादांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीला ते स्वतःही कुरकुरतात. माझं शिवणकाम बरं चाललं आहे. आईंच्या डोळ्यांचं मात्र फोनवर नीट सांगता येत नाही, कारण त्या शेजारीच बसलेल्या असतात, म्हणून लिहिते. जिथे बघावं तिथेच मधोमध धुकं येतं, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते जपा. हल्ली त्या बोलताना माझ्या कानाकडे बघतात, म्हणजे मी त्यांना दिसते. आणि त्यांनी मागितलं काय, तर पलंगासमोरच्या भिंतीवर सगळ्या घराचा एक मोठा फोटो, दिसतंय तोवर.

तसा फोटो आहे हो. आईंच्या वाढदिवसाला गच्चीवर काढलेला. पण तुम्ही नोकरीसाठी गेलात तेव्हापासून आपल्याकडे एक रीतच पडली आहे. फोटो काढायच्या आधी आई बजावतात, धाकट्याची जागा सोडा. मग तुमचे दादा आणि मी एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहतो आणि हसतो. असला एक फोटो माझ्या दुकानातही आहे. बायका माप देता देता तो बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, घरी सगळं ठीक ना? (एकीने तर नवरा-बायकोत समेट घडवून आणणाऱ्या बाईंचा नंबर दिला. मी तो जपून ठेवला आहे, कधी काय लागेल सांगता येत नाही.)

तर ठरलं असं, की त्या मोकळ्या जागेत तुम्हाला बसवायचं. म्हणजे उभं करायचं. स्टुडिओवाल्याकडे गेलो, तर त्याने असा आकडा सांगितला की तुमच्या दादांचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला आणि ते ताडताड चालत बाहेर पडले. फुकट ते पौष्टिक, हे त्यांचं तत्त्व तुम्ही लहानपणापासून बघितलेलं आहे. घरी आल्यावर त्यांनी लेकीचा जुना लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं की हल्ली हे सगळं घरबसल्या होतं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं, पण काम झाल्यावर त्याने सगळ्यांच्या छातीवरून आडवं स्वतःचं नाव छापलं. आईसुद्धा त्याची जाहिरात करत बसल्यासारख्या दिसत होत्या. नाव काढायचं तर पैसे भरा! दुसरं खरोखरच फुकट निघालं. भल्या माणसांनी मिळून बनवलेलं, कोणाचा एक पैसा घेत नाहीत. पण मी सुई मागावी आणि कोणी अख्खी गिरणी दारात आणून उभी करावी, तसं ते होतं. तुमचे दादा त्याचे व्हिडिओ बघून रीतसर शिकायला बसले, आणि कुठलंसं बटण दाबून सगळी हत्यारांची पेटीच पडद्यावरून गायब करून बसले. मग तीन दिवस त्या सॉफ्टवेअरबद्दल नाही नाही ते बोलले. तिसरं मोबाइलवरचं. त्याने न विचारता सगळ्यांना गोरं केलं आणि आईंच्या सुरकुत्यांना अशी इस्त्री फिरवली की त्या माझ्या धाकट्या जाऊबाई शोभाव्यात. (तेवढा एक फोटो आईंनी ठेवून घ्यायला सांगितला आहे. भिंतीवर नको, उशीखाली असू दे म्हणाल्या.)

शेवटी मीच त्या दुसऱ्या, गिरणीवाल्याकडे परत गेले. आणि खरं सांगू, ते शिवणकामच आहे हो. एकाखाली एक थर ठेवायचे, अस्तरासारखे. कापायच्या आधी खूण करून घ्यायची. आणि चुकलं तर एक बटण दाबलं की केलेलं सगळं उसवतं, कापड जसंच्या तसं! ही सोय आमच्या धंद्यात असती तर मी आज कुठल्या कुठे असते. अडचण तुमचीच होती. आमच्याकडे तुमचा हल्लीचा फोटो एकच, ओळखपत्राचा, तोही छातीपर्यंत. उरलेला देह आणायचा कुठून? मग तुमच्या दादांना गच्चीवर तुमच्या जागी उभं केलं आणि त्यांच्या देहावर तुमचं डोकं शिवलं. शिलाई दिसत नव्हती, हे मी अभिमानाने सांगते. पण एकच पोट दोनदा दिसत होतं, आणि सगळे हसत असताना तुम्ही आपले मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस चुकून फोटोत सापडावा तसे उभे. आईंनी मान वाकडी करून कडेच्या नजरेने तो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "हा कोण? माझा मुलगा कधी दोन्ही पायांवर सरळ उभा राहिलाय का?"

यावर तुमचे दादा चिडले आणि मला न विचारता त्यांनी चौथं सॉफ्टवेअर आणलं. त्यात म्हणे काही करावंच लागत नाही, 'आपोआप सुधारा' असं एकच बटण. त्यांनी वाढदिवसाचा मूळ फोटो त्यात घातला. सॉफ्टवेअरला मधली मोकळी जागा हा दोष वाटला. त्याने आम्हा दोघांना सरकवून खांद्याला खांदा लावून उभं केलं. इतका देखणा फोटो आमचा लग्नातही आला नव्हता. दादांनी तो हौसेने मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला.

आई उठून जवळ गेल्या. आधी कडेने बघितलं, मग फोटोवरून बोट फिरवत शोधायला लागल्या. भाऊजी, त्यांना आता फोटोतले चेहरे कळत नाहीत. मधली मोकळी जागा सापडली की तिच्या या बाजूला दादा आणि त्या बाजूला मी, अशी त्या आम्हाला ओळखतात. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. मग त्यांनी विचारलं, "धाकट्याची जागा कोणी घेतली?" डॉक्टरांशीसुद्धा हुज्जत घालणारे तुमचे दादा लगेच स्टुलावर चढले आणि त्यांनी फोटो उतरवला. मला फार वाईट वाटलं. आता तिथे जुनाच फोटो आहे, जागेसकट.

तर तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता, म्हणून विचारते. स्वस्तातलं, नाव न छापणारं, आईंच्या सुरकुत्यांना हात न लावणारं असं एखादं सॉफ्टवेअर कळवा. सोबत तुमचा एक पूर्ण फोटो पाठवा, डोक्यापासून चपलांपर्यंत. ऊन उजवीकडून हवं. नेहमीसारखे एका पायावर रेलून उभे राहा, आणि हसा.

कळावे, लोभ आहेच, तो वापरत चला.

तुमची
वहिनी

ता. क. सॉफ्टवेअर कळवू नका. फोटोही नको.

ता. क. दुसरा. तुमच्यासाठी एक शर्ट शिवायला घेतला आहे. माप आईंना विचारलं, तर त्यांनी हवेत दोन हात धरून खांदा दाखवला, एवढा. तेवढ्या खांद्याचा शर्ट शाळेतल्या पोराला होईल. मी अंदाजाने वाढवला आहे, पण तुमचं खरं माप या घरात कोणालाच माहीत नाही. शर्ट दुकानात खुंटीवर आहे, आणि ट्रायल घेतल्याशिवाय मी कोणालाही कपडा देत नाही, दिरालासुद्धा. सुट्टी मिळाली की येतो, असं म्हणू नका. आईंना कडेचं अजून दिसतं. तेवढं आहे तोवर या.

ता. क. तिसरा. तुम्ही आलात तरी फोटोत आम्हा दोघांच्या मध्ये तुम्हीच उभे राहणार, हे मला कळतं. पण निदान लोकांना कारण तरी दिसेल.